बायाच्या पाठीचं इरलं

मावळातल्या कुरवंडे गावाच्या वरल्या अंगाला ठाकरांची सात घरांची वाडी होती. तिथला शिदू इरली विणायचा. इरलं म्हणजे कळकाच्या पट्ट्यांची जाळी, तिच्यावर पळसाची पानं. डोक्यावरून पाठीवर सोडलं की माणूस भर पावसात वाकून भात लावायला मोकळा. तशी इरली मावळात कुणीही विणी. पण शिदूचं इरलं घातलेला माणूस संध्याकाळी घरी आला, की त्याच्या कनवटीची तंबाखूसुद्धा कोरडी निघायची! कसं जमतं रे, म्हणून विचारावं तर म्हणायचा, "म्या कुटं करतोय? वाघदेव सपनात दावतो, म्या तसं विणतो." लोक मानायचे. गंमत अशी, की शिदूही मानायचा.

अडतीस साल असावं. त्या उन्हाळ्यात त्याची बायको बाया पार वाकली. उभी राहिली तरी नजर पायांशी. नेहमीचं इरलं घालून बघितलं, तर ते घसरून नाकावर आलं. सून सावित्रा म्हणाली, "आत्ती, औंदा आवणीला तुमी येऊ नगा. घरीच ऱ्हावा." बाया चुलीपुढं जाऊन बसली. आवणीत, म्हणजे भातलावणीत, रोपाची पहिली मूठ वाडीत तीच रोवायची, आणि तिच्या गाण्यावर बाकीच्यांचे हात चालायचे.

शिदूला ते बघवेना. म्हणाला, "तुला येगळं इरलं करतो. देव दावंल." आणि गडी गेला झोपायला! भर दिवसा आंब्याखाली घोंगडं टाकून, डोळे घट्ट मिटून पडायचा. पाच दिवस झाले. गावातले दत्तोबा वाटेनं जाताना हाक मारायचे, "काय शिदू, आला का देव?"

"न्हाई आबा. म्हशी आल्या. दोन."

सहाव्या दिवशी बायानंच घोंगडं ओढलं. "ऊठ! रोप वीतभर झालं. देवाला काय तुजंच एकट्याचं काम हाय? कळक फोड."

निव्वळ तिचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं कोयता घेतला. पहिलं इरलं तिच्या मानेवरच बसलं. उसवलं. दुसरं वाऱ्यानं उलटं झालं. तेही उसवलं. मग शिदू आत गेला, आणि तांब्याभर पाणी आणून त्यानं सरळ तिच्या पाठीवर ओतलं.

"आई गं! मेल्या, याड लागलं का तुला?"

"हालू नगंस. पानी कुटं जातंय ते बघतोय."

पाणी मणक्यावरून मधोमध उतरलं नाही. अर्ध्यात वळलं आणि डाव्या बरगडीवरून गळालं. पुन्हा ओतलं, पुन्हा डावीकडंच. शिदूनं लुगड्यावरून हात फिरवला. पाठ नुसती वाकली नव्हती, पिळली होती. वलवणचं धरण बांधत होते तेव्हा डोईवर मातीची पाटी आणि डाव्या कडेवर तान्हा लेक गेणू घेऊन तिनं दोन वर्षं चढउतार केली होती. शिदू पुढं चालायचा; मागं वळून बघायला सवड कुणाला? चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोची पाठ त्याला आज कळली.

"दुखतंय का गं हितं?"

"आता इचारतोस व्हय!" बाया हसली.

मग मात्र हात थांबेनात. मधली कांब विस्तवावर शेकून त्यानं तिच्या पाठीसारखी वाकवली, कपाळाशी वीण आवळली, डावी बाजू चार बोटं लांब सोडली. पट्टी उचलायच्या आधीच हाताला तिची जागा ठाऊक! इतकं वाकडं इरलं उभ्या मावळात कुणी बघितलं नव्हतं. सावित्रा तोंडाला पदर लावून हसली.

आवणीच्या दिवशी धो धो पाऊस. बायानं पहिली मूठ रोवली, गाणं उचललं, आणि दिवस मावळेपर्यंत ओळ सोडली नाही. ती बांधावर आली तेव्हा शिदू नखशिखांत भिजून उभा. इरलं उतरवून त्यानं आधी तिच्या पाठीला तळवा लावला.

"काय बघतोस?"

"कोरडी हाय," शिदू म्हणाला, आणि हात काही काढेना.

"मग चल की घरी," बाया म्हणाली, "भूक लागलीया."