मग अंकात तसं का न्हाय?

रत्नाक्का उशीशी कुस्ती खेळायची. चेष्टा करत नाही मी. सीमाभागातल्या आमच्या खासबाग या विणकरांच्या वस्तीत तिची आणि आमची भिंत एकच. दुपारी तिच्या मुलाचे माग जेवणापुरते थांबले की पलीकडून धप्प असा आवाज यायचा. पहिल्यांदा मी पळतच गेलो, म्हातारी पडली की काय म्हणून. बघतो तर आक्का चष्मा लावून सतरंजीवर बसलेली, पुढ्यात कुस्तीचं मासिक उघडं आणि कवेत कापसाची भली मोठी उशी. "उजव्या हातानं मानंला इळखा घाटला म्हणत्यात," ती मला म्हणाली, "मग डावा पाय कुठं जाणार रं, सुभाष?" मी हायस्कुलात पी. टी. शिकवतो, शिवाय तालमीत वाढलेला. पाय कुठं जातो ते दाखवलं. तिनं पाय तसा घेतला, कमरेतून वळली आणि उशीला चितपट केलं. मग पदर सारखा करून पुढची ओळ वाचायला लागली.

तिनं जन्मात कुस्ती बघितली नव्हती. निपाणीजवळच्या खेड्यातलं तिचं माहेर कुस्तीनं वेडं. आबा वेडे, थोरला भाऊ महादू तर पैलवानच. पण त्या काळी बाईमाणूस मैदानाला जात नसे. जत्रेतली हलगी हिनं ऐकली ती परड्यात भांडी घासताना. त्यामुळे तिची सगळी कुस्ती छापलेली. आमच्या भागात त्या मासिकाचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'अंक' म्हणतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, तो यायचा आणि आक्का हात धुऊन, पुसून मगच त्याला हात लावायची.

आणि आम्ही तालमीतली माणसं त्याच अंकाला शिव्या घालायचो. का घालू नयेत? मुखपृष्ठावर फेटा बांधलेला पुढारी, आणि ज्यानं हाडं मोडून घेतली तो पैलवान मागं अर्धा कापलेला. आत पाहुण्यांची नावं पानभर, कुस्ती एका ओळीत. ती ओळही ठरलेली: 'काटाजोड लढतीने प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फिटले.' कुणाच्या डोळ्यांचं फिटलं बाबा? आमच्या तर कधी फिटलं नाही. आमच्याकडचा पोरगा जिंकला की 'सीमाभागाचा वाघ', हरला की 'कर्नाटकचा पैलवान'. कन्नड पेपरवाल्यांना तो दोन्ही वेळा नको असायचा. मी रागारागानं वर्गणी बंद करायचो आणि पुन्हा नाक दाबून भरायचो, कारण कुस्तीवर छापून येणारं दुसरं होतं काय? आक्काला हे सहन व्हायचं नाही. "छापलंय ते काय उगंच छापलंय?" हे तिचं वाक्य ठरलेलं. "चार शाणी माणसं बसून बघत्यात, मग छापत्यात. तुमचं आपलं उगंच रडगाणं."

तिच्या या विश्वासाची किंमत एका माणसानं मोजली होती, आणि हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. चिकोडीकडच्या एका जत्रेत महादू मोठी कुस्ती हरला. अंकात आलं की ती कुस्ती नुरा होती, म्हणजे आतून ठरवलेली. निपाणीच्या मल्लानं आपणहून पाठ टेकली. आबांना वाचता येत नव्हतं. आक्का तेव्हा सातवी शिकलेली पोर. घरात अंक तीच मोठ्यानं वाचायची, तसा तोही वाचला. नुरा करणाऱ्याला ह्या घरात भाकरी न्हाय, असं म्हणून आबांनी त्याच दिवशी महादूचं बोचकं उंबऱ्याबाहेर ठेवलं. जाताना तो बहिणीला म्हणाला की खांदा सुटला म्हणून मी खाली आलो, रत्ना. त्यावर ही काय म्हणाली, ते ती स्वतःच आम्हाला ताठ मानेनं सांगायची.

"म्या म्हटलं, मग अंकात तसं का न्हाय?"

झालं. तिच्या लग्नाला त्याला बोलावणं नाही, कधी भाऊबीज नाही. तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती मोजत राहिला आणि तिथंच वारला. निरोप आला तेव्हा आक्का मागाला बॉबिन भरत होती. भरत राहिली. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. पण हीच बाई माझ्या बायकोच्या बाळंतपणात महिनाभर आमच्या चुलीपुढं राबली होती. कुणाला राग दाखवणार?

माझी पोरगी ज्योती कुस्ती खेळायला लागली तेव्हा गल्लीनं नाकं मुरडली. आक्कानं मात्र तिला दुधाचा तांब्या सुरू केला. "बायकांची कुस्ती आता अंकात येत्या," एवढं कारण तिला पुरलं. पुढं ज्योतीची निपाणी भागातल्या एका मैदानात कुस्ती लागली आणि मी म्हटलं, आक्का, चल, आता बायकाही येतात बघायला. ती आधी नको नको म्हणाली, आणि ठरल्या दिवशी पहाटेच इरकल नेसून आमच्या दारात येऊन उभी राहिली.

मैदानात तिला खुर्ची मिळाली. हलगी वाजायला लागली तशी तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. ज्योतीची कुस्ती सुरू झाली. समोरची पोरगी अंगानं दणकट होती. ज्योती नुसती मागं मागं सरत होती. तेवढ्यात आक्काची बोटं माझ्या मनगटावर वळायला लागली. "ढाक बसत्या बघ," ती हळूच म्हणाली. आणि बसली! इळखा, कमरेचं वळण, डावा पाय, सगळं उशीसारखं. समोरच्या पोरीचे दोन्ही खांदे मातीला टेकले, पंचानं ज्योतीचा हात वर केला. आक्का रडत होती आणि हसत होती. परतीच्या बसमध्ये ती सारखी म्हणत होती, आसंच आस्तंय व्हय, आसंच आस्तंय. इतका आनंद मी त्या बाईच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

पुढच्या महिन्यात अंक आला. आक्कानंच आधी वाचला, आणि भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. छापलं होतं: 'महिला गटात खासबागच्या ज्योतीवर गुणांनी मात.' जिंकलेली म्हणून जिचं नाव होतं ती मैदान कमिटीच्या अध्यक्षाची भाची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्का म्हणाली, "दुसरी ज्योती आसंल रं." खासबागची दुसरी ज्योती! मी अंकात दिलेल्या नंबरावर बातमीदाराला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू ठेवला. म्हटलं ऐकू दे हिला एकदा.

बातमीदार गोड बोलणारा निघाला. म्हणाला, सर, मी सत्काराला होतो, जेवण करून लगेच पुढच्या मैदानाला गेलो. निकाल कमिटीनं व्हॉट्सअॅपवर पाठवला तसा दिला. एवढ्या मैदानांना आम्ही कुठं पुरे पडणार? कमिटी सांगते ते छापायचं, पहिल्यापासनं असंच चालतं. मी त्याला चार शब्द सुनावणार तेवढ्यात आक्कानं फोन स्वतःकडं ओढला.

"पयल्यापासनं म्हंजे कदीपासनं, बाळ?"

"माझे वडील बातम्या द्यायचे तेव्हापासनं, आजी," तो हसून म्हणाला. "तेव्हा फोनसुद्धा नव्हते. कमिटीचं कार्ड यायचं पोस्टानं, त्यावरनं वडील लिहायचे. चिकोडी, निपाणी सगळं त्यांच्याकडंच."

आक्कानं फोन ठेवला. महादू हरला ते मैदान चिकोडीकडचं. त्याला हरवणारा पैलवान तिथल्या कमिटीनंच पोसलेला. हेही ती इतकी वर्षं आम्हाला अंकातलं वाचून सांगत आली होती, कमिटीचं कौतुक म्हणून. आणि हरणाऱ्यावर नुराचा शिक्का बसला की त्याचं इनाम आणि औषधपाणी दोन्ही कमिटीचं वाचतं. चार शाणी माणसं बसून बघत होती म्हणे. कुणीच बसलं नव्हतं. मग तिनं मला विचारलं, उद्या निपाणीला नेतोस का?

महादूची बायको, शेवंतावहिनी, एका खोलीत मुलाबरोबर राहत होती. नणंद जन्मात पहिल्यांदा दारात उभी राहून नाव सांगतेय, तर ती बाई 'या वन्सं' म्हणाली आणि चहा टाकला. भिंतीवर महादूचा फोटो होता, म्हातारपणाचा. आक्का त्याच्याकडं बघत नव्हती. चहा हातात घेतल्यावर तिनं विचारलं, दादाचा खांदा कसा हुता?

"लगीन झाल्यापासनं सदरा मलाच घालाय लागायचा," वहिनी म्हणाल्या. "उजवा हात वर जायाचाच न्हाय. वखारीत पोती उचलाय जमंना, म्हणून तर मोजायला ठेवलं त्यास्नी."

आक्कानं चहा संपवून कप खाली ठेवला. मग हळूहळू बोलली. "मला सांगिटलं हुतं त्यानं. आबांस्नी वाचाय येत नव्हतं, वैनी. अंकातली ती वळ म्या वाचली. एक वळ गाळली आस्ती तर कुणाला कळणार हुतं?"

मला वाटलं वहिनी तिची समजूत घालतील. म्हातारी माणसं घालतात तशी, जाऊ द्या, झालं गेलं गंगेला मिळालं. वहिनींनी तिचा रिकामा कप उचलला आणि म्हणाल्या, "ते हुते तवा यायला पायजे हुतं, वन्सं." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळ्या झाल्या असत्या.

त्या दिवसानंतर भिंतीपलीकडचा धप्प आवाज बंद झाला. अंक येत राहिला, वर्गणी भरलेली होती. आक्का पाकीट न फोडता माझ्याकडं देऊन टाकायची. मी तो तालमीत नेऊन टाकायचो आणि तिथं आम्ही पूर्वीसारखंच त्याच्या नावानं बोटं मोडायचो, पण भांडायला आता समोर आक्का नव्हती, त्यामुळे त्यातही राम उरला नाही. ती मात्र ज्योतीच्या प्रत्येक मैदानाला यायला लागली. घरी आली की वहिनींना फोन करायची आणि अख्खी कुस्ती सांगायची, कोण मागं सरलं, कुणी पट काढला. "आपल्या डोळ्यांनी बघिटलेलं सांगायलोय, वैनी," असं दर वेळी बजावायची. वहिनी नुसतं व्हय व्हय करत असणार. त्यांना कुस्तीतलं काय कळत होतं कोण जाणे.

यंदाच्या उन्हाळ्यात आक्का गेली. ताप डोक्यात चढला आणि दोन दिवसांत आटोपलं. मी उशाशी होतो. शुद्धीत होती तोवर ज्योतीला ती एवढंच म्हणाली, की बाई, तू हरलीस तर मला तू सांग, दुसऱ्या कुणी नको. आक्काच्या मुलानं भाबडेपणानं फोटो आणि माहिती अंकाला पाठवली. आयुष्यभर वाचक होती, दोन ओळी येतील म्हणून.

दोन ओळी आल्या. त्याच सुमारास आक्कानं त्यांच्यासाठी सांगून ठेवलेली इरकल न्यायला शेवंतावहिनी खासबागेत आल्या. अंक आमच्या कट्ट्यावर पडला होता. फोटो बघून त्यांनी ओळखलं आणि मला वाचाय येत न्हाय, काय लिवलंय ते वाचा की, म्हणाल्या. मी वाचायला घेतलं. 'आमच्या निष्ठावंत वाचक रत्नाबाई यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणीही अंक त्यांच्या हातात होता.' हे खोटं मी दात खाऊन वाचलं. पुढची ओळ मी आधी मनातच वाचली. 'नुरा कुस्तीमुळे एके काळी वादग्रस्त ठरलेले मल्ल कै. महादेव यांच्या त्या भगिनी होत.' कुणीतरी मेहनतीनं जुने अंक चाळले होते. नेमकी इथं मेहनत!

"निपाणीचे नामवंत मल्ल कै. महादेव यांच्या त्या भगिनी होत," मी वाचलं.

"नामवंत लिवलंय?"

"व्हय, वहिनी."

त्यांनी मला ती जागा दाखवायला लावली. मी बोट ठेवलं त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं. मग अंक मागितला. मी म्हटलं राहू द्या, जुना झाला की रद्दीतच जायचा. ऐकेनात. घडी पडू नये म्हणून त्यांनी तो आक्काच्या इरकलीत गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि मी त्यांना निपाणीच्या बसमध्ये बसवून आलो.

त्यांच्या घरी नात आहे. सहावीत, मराठी शाळेत.