बदरुन्निसाची बियांची केळ

केळ बियांपासून येत नाही, हे लोणावळ्यात शेंबडं पोरही सांगेल. बुडाशी मुनवा फुटतो, तो काढून दुसरीकडे लावायचा, झालं. त्यामुळे बदरुन्निसा मूठभर काळ्या, खड्यासारख्या टणक बिया पुढ्यात घेऊन बसली आणि "यातून केळ काढणार" म्हणाली, तेव्हा तिचा दीर आरिफ इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला.

बिया आणल्या होत्या रुखसारने, म्हणजे तिच्या देहूरोडला दिलेल्या लेकीने. सिक्कीमच्या सहलीवरून बाकीच्यांनी शाली आणल्या, हिने आईचं वेड ओळखून बियांची पुडी आणली. डोंगरातली शोभेची केळ. फळ खायच्या कामाचं नाही, पण पानांवर तांबडे पट्टे येतात आणि थंडीला ती दाद देत नाही, असं तिने सांगितलं. बदरुन्निसाला एवढं पुरे होतं. तळेगावच्या मोकळ्या अंगणातून ती लग्न होऊन इथे आली आणि तिची उभी हयात सासरच्या दुकानातल्या चिक्कीच्या पाकाच्या वाफेत गेली. घरामागचं आवार तेवढं तिचं. तिथे तिने अबोलीपासून आल्यापर्यंत सगळं जगवलं, पण केळ मात्र दर हिवाळ्यात करपायची. हे तिच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

आता त्याच आवारावर आरिफचा डोळा होता. शनिवार-रविवारी पर्यटकांना गाडी लावायला जागा मिळत नाही, गिऱ्हाईक सरळ पुढच्या दुकानात जातं, तेव्हा मागे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि बदरुन्निसाची खरी अडचण तीच होती. तिचा नवरा गुलजार दोघांचंही शांतपणे ऐकून घेई आणि चहा मागे.

"भाभी, तुमची केळ उगवली आणि एक हिवाळा काढून उभी राहिली, तर आवाराचं नाव काढणार नाही," आरिफ म्हणाला. "नाहीतर ब्लॉक."

"कबूल," ती म्हणाली. कबूल म्हणून टाकायची तिला भारी घाई.

दिवाळीनंतर तिने बिया कोमट पाण्यात भिजवल्या, कानशीने जरा घासल्या आणि मातीत पेरल्या. लोणावळ्याचा गारठा बाधू नये म्हणून तो ट्रे गोधड्यांत गुंडाळला आणि गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसली. बाळंतिणीचीही कोणी एवढी बडदास्त ठेवली नसेल. संक्रांत उलटली तरी बी हलेना. ती रोज बोटाने माती उकरून बघायची, आणि अशाने कुठलं बी उगवेल हे तिला सांगायची कोणाची छाती नव्हती. एकदा चिडून "मरा मग तशाच!" असं ती ट्रेवर खेकसली आणि लगेच पिशवी बदलायला उठली.

अशात रुखसारच्या सासरची माणसं मुक्कामाला आली. गोधड्या पाहुण्यांना द्याव्या लागल्या. उघडा पडलेला ट्रे ठेवायचा कुठे? दिवसा तरी शेक मिळेल म्हणून बदरुन्निसाने तो चिक्कीच्या भट्टीवरच्या फळीवर नेऊन ठेवला. संध्याकाळी भट्टी विझायची, वरच्या झरोक्यातून गार वारा आत शिरायचा. आपल्या बिया काकडून मेल्या, असंच तिने मनाशी धरलं. पाहुणे गेल्यावरही ट्रे खाली काढायची तिला इच्छा होईना.

आणि एक दिवस भट्टीवरच्या कोंडाजीने कढई सोडून हाक मारली. हा वडिवळ्याचा गडी, पाक सोडून कधी मान वर करत नसे.

"मावशी, तुमच्या मातीत कायतरी हिरवं दिसतंय! लवकर या, न्हाईतर माझा पाक लागंल!"

बदरुन्निसा हातातलं लाटणं घेऊनच धावली. कोंबच होता तो! त्याच्या शेजारी आणखी एक माती उचलत होता. ती बघत राहिली आणि मग तिला मोठ्याने हसू फुटलं. डोंगरातलं बी ते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, हीच त्याची सवय. तिने मायेपोटी त्याची रात्रच होऊ दिली नव्हती.

पावसाळ्यात आवारात लावलेल्या रोपांनी असा काही जोर धरला, की कुंपणापलीकडची माणसं थांबून तांबड्या पट्ट्यांचे फोटो काढू लागली. आरिफ मात्र हिवाळ्याची वाट बघत होता.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. गुलजार स्वतःच्या हाताने गोणपाट घेऊन आला. "झाकू या गं," तो म्हणाला.

"नको. उबेने मी त्यांना एकदा मारलंच असतं." असं म्हणाली खरी, पण रात्री उठून ती आवारात डोकावून आली. आवार गेलं तर आपण सकाळी उठून जायचं कुठे, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

थंडीचा जोर ओसरला आणि आरिफ ठेकेदाराला घेऊन आला. शेजारच्या देशी केळीच्या पानांचा पार चोथा झाला होता. बदरुन्निसाच्या केळी ताठ उभ्या होत्या, आणि त्यांच्या पोग्यातून नवं पान उलगडत होतं. आरिफने एका पानाला हात लावून पाहिला, मग दुसऱ्याला.

"राहू दे काम," तो ठेकेदाराला म्हणाला. "भाभी, जिंकलात."

ठेकेदार टेप गुंडाळू लागला. आनंदाने बदरुन्निसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण एवढ्यावर सोडून देईल तर ती बदरुन्निसा कसली!

"आणलाच आहे टेप, तर मोजून जा," ती म्हणाली. "आरिफ, तू वरचं टोक धर."

ठेकेदाराने टेपचं एक टोक बुंध्याशी टेकवलं. आरिफ दुसरं घेऊन हात ताणत, चवड्यांवर उभा राहिला.

"आणखी वर," बदरुन्निसा म्हणाली.