पूजेला बसलेली कादंबरी

झेंडू आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र आला की माझं डोकं फिरतं. चाकणच्या कंपनीत खंडेनवमीला मशीन पुसून झाल्यावर मी एक पौराणिक कादंबरी संपवली. पाचशे पानं देव राक्षसांशी लढला आणि शेवटी ते सगळं स्वप्न निघालं! वैतागून मी ती स्क्रॅपच्या डब्यात फेकली. शेजारच्या मशीनवरच्या मामांनी ती उचलली, मुखपृष्ठावरचा देव पुसला, पूजेतल्या पान्या-हातोड्यांशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. "देव असा फेकत्यात व्हय?" "मामा, आत काय लिहिलंय ते वाचा तरी!" "पूजेला बसलेलं वाचत न्हाईत." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती प्रसादासकट माझ्या हातात ठेवली. माझी आवडती पुस्तकं लोकांनी वाचायला नेली ती परत आली नाहीत. ही मात्र अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे.