वैशालीच्या आईचा आवाज

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, कुठल्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित तेवढंच कारण असेल.

मी घाटकोपरच्या एका छोट्या वेब होस्टिंग कंपनीत आहे. काम सोपं — लोकांच्या फायली सर्व्हरवर ठेवायच्या, आणि कुणाला त्या उघडता येतील, कुणाला नाही, ते ठरवायचं. त्यासाठी एपीआय असतो, म्हणजे सर्व्हरला हुकूम द्यायची सोय. खात्याचं नाव टाकून एक ओळ पाठवायची, की परवानगी मिळते. दुसरी ओळ पाठवली की जाते. समोरच्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय.

वैशाली पूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिने बोरिवलीत नोकरी धरली आणि गेली. मला जे बोलायचं होतं ते मी तीन वर्षांत बोललो नव्हतो — निरोपाच्या दिवशी कुठून बोलणार?

मग तिची आई आजारी पडली. वैशाली तिचं बोलणं रेकॉर्ड करत राहिली. देवगडच्या गोष्टी, शेजारणींच्या कागाळ्या, मध्येच शिंपल्यांवरून लेकीला दम — "आदी तिसऱ्यो निवडून घे, मगे बोल." आई गेली. फोन भरला होता, म्हणून मीच म्हटलं, माझ्याकडे ठेव. तिला खातं करून दिलं. फोनमधलं तिने पुसून टाकलं. माझ्यावर विश्वास होता ना.

एकदा सर्व्हर खरंच अडकला. तिचा फोन आला. "अरे, आईचं उघडत नाहीये, बघ ना." दोन मिनिटांचं काम होतं, आम्ही चाळीस मिनिटं बोललो. ती हसली सुद्धा.

पुढच्या महिन्यात परवानगी मी काढली.

हो, मुद्दाम. आणि मग दर महिन्याला. ती फोन करायची, मी "बघतो हं" म्हणायचो, उगाच वेळ लावायचो. एवढ्यासाठी? एवढ्यासाठीच. तिचा आवाज ऐकायला मी तिच्याकडून तिच्या आईचा आवाज काढून घेत होतो — हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणू का? कळत होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळे घरी येणार, जेवणं झाल्यावर रेकॉर्डिंग लावणार, असं ती आधीच बोलली होती. तिच्या बाबांनी वर्षभर ते ऐकलं नव्हतं — धीर होत नव्हता. त्या दिवशी ऐकतो म्हणाले होते.

त्या सकाळी मी परवानगी काढली. ती फोन करेल, मी लगेच चालू करीन, ती सगळ्यांसमोर माझं नाव घेईल — असलं काहीतरी डोक्यात होतं.

दुपारी फोन वाजला. मी स्क्रीनवरचं नाव बघत बसलो. म्हटलं, परत करेल, तेव्हा उचलू. तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला बोलावलं. फोन टेबलावरच राहिला. दोन तासांनी आलो तर तिचे सात कॉल.

परवानगी दिली आणि फोन लावला. "झालं बघ चालू," मी म्हटलं.

"गेले रे सगळे," ती म्हणाली. "बाबा किती वेळ फोन कानाला लावून बसले होते. आता झोपलेत. जाऊ दे. तुझी काय चूक? तूच तर नेहमी करून देतोस."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "सर्व्हर जुना झालाय."

बाबा गावाला निघून गेले. तिकडेच असतात. त्यांनी पुन्हा ऐकायला मागितलं नाही, असं तिने एकदा मेसेजमध्ये लिहिलं होतं. त्यानंतर तिचा फोन नाही. मी परवानगीला परत हात लावला नाही. शेवटचं कोण कधी आलं, ते खात्यात दिसतं. सात कॉल केले त्या दुपारी ती नऊ वेळा आत यायला बघत होती — दोन वेळा फोन न करता, नुसतीच. त्यानंतर कुणीच नाही.

त्या फायली मी उघडू शकतो. दोनदा उघडल्या. आई बोलत असते, आणि मध्ये मध्ये वैशाली "हं" म्हणते. मी त्या "हं"साठीच ऐकत होतो.