बगल टिकली

आमच्या मामंजींनी आयुष्यात मिरवणुका शेकड्यांनी पाहिल्या, पण पालखीतला देव त्यांना कधी धड दिसला नाही आणि घोड्यावरचा नवरदेवही नाही. त्यांना दिसायच्या त्या फक्त बँडवाल्यांच्या बगला. मी थट्टा करत नाही. मिरवणूक बघून घरी आले की आमचे हे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, विचारायचे, "अप्पा, आज काय वाजवलं?" मामंजी उपरणं खुंटीला अडकवायचे, पाय धुवायचे, पाटावर टेकायचे आणि पोटभर जेवल्यासारख्या आवाजात सांगायचे, "बगल टिकली." एवढंच. कुठला राग, कुठलं गाणं, कोण जाणे. ह्यांनी लहानपणापासून हेच उत्तर ऐकलं होतं, तरी दर वेळी विचारायचेच.

मामंजी म्हणजे माझे सासरे. कुंभकोणमला देवळाच्या दक्षिणेच्या रस्त्याला त्यांचं शिंप्याचं दुकान होतं, मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड. मी बार्शीची. पन्नास सालानंतर कधीतरी लग्न होऊन तिकडे गेले तेव्हा तामिळचं एक अक्षर येत नव्हतं, आणि घरातलं मराठी ऐकून तर मी गारच पडले. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी देशावरून तिकडे गेलेली ही माणसं; भाषाही तेव्हाचीच जपून ठेवलेली. "सूनबाई, येथे बैस," "कोठे ठेविलेस ते पात्र," आणि मधेच बरं म्हणायला "सरी, सरी," पुरे म्हणायला "पोदुम." पहिले सहा महिने मला वाटायचं, कोणी तरी समोर बसून पोथी वाचतंय आणि वाचता वाचता तामिळमध्ये शिंकतंय. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे तिरुभुवनमला रेशमाच्या सोसायटीत कारकून, सकाळच्या बसने जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर घरात मी, मामंजी आणि शिवणयंत्र.

आता बगलांचं. मामंजींनी गावातल्या एका बँडचे कोट शिवले होते. जाड तांबडं कापड, छातीवर सोनेरी फीत, पितळेची बटणं. बाराजणांचा बँड, त्याचं नाव काहीही असो, आमच्या घरात ते 'तांबडे कोट'च. पहिल्या खेपेला मामंजींनी मापं घेतली ती कचेरीतल्या माणसाची घेतात तशी, हात खाली सोडून. कोट अंगाला असे बसले की चिमटीत कापड सापडू नये. उत्सवाच्या दिवशी क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बँडमास्तरांनी वरच्या सुरासाठी वाद्य उचललं आणि दोन्ही बगला टर्रकन गेल्या. मग ट्रंपेटवाल्याच्या गेल्या. देवळाभोवतीच्या चार रस्त्यांतला तिसरा येईपर्यंत सातजण उसवले होते आणि लोक देव सोडून बँडकडे बघून हसत होते. मामंजी म्हणे खांबाआड उभे होते आणि विठोबाला सांगत होते की आता भूमी दुभंगव. ही गोष्ट मला दुसऱ्या कोणी नाही, त्यांनीच सांगितली, तीही हसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाराजणांना वाद्यांसकट दुकानात बोलावलं. म्हणाले, आता वाजवा, मी माप घेतो. तेव्हापासून त्यांची तीच पद्धत पडली. क्लॅरिनेटवाल्याचं माप वाद्य वर धरून. ट्रंपेटवाल्याची मान फुंकताना फुगते, म्हणून गळ्याचं माप फुंक चालू असताना. मोठ्या ढोलवाल्याचं माप ढोल पोटावर बांधून, उजवा हात मागे नेऊन. दरेकाच्या बगलेत पतंगासारखा चौकोनी तुकडा आणि त्यावर हाताची दुहेरी उलटटीप, यंत्राची नाही. दर दोन वर्षांनी नवे कोट व्हायचे तेव्हा आमच्या दुकानातून अर्धा दिवस असा काही कल्लोळ निघायचा की समोरचा कॉफीवाला कानांत कापूस घालायचा. मामंजी मात्र तोंडात टाचण्या धरून शांतपणे एकेकाच्या काखेत टेप घालत फिरायचे. "वाजविल्यावांचून कोट कळत नाही," हे त्यांचं वाक्य. सोयरीक असो, भात असो की नवी सून असो, वाजविल्यावांचून कळत नाही.

आणि एक रिवाज बँडमास्तरांनी घातला होता. नवे कोट घातले की पहिलं वाजवणं आमच्या दुकानासमोर. मामंजी ओट्यावरून उतरायचे, ओळीने सगळ्यांच्या बगला बघायचे आणि मान डोलवायचे. ती मान डोलली की मग बँड देवाकडे जायचा. बँडमास्तर म्हणायचे, हा कोट अजून आमचा नाही, शिंप्याने पाहिला की आमचा.

गंमत अशी की मामंजींना सुराचं अंग अजिबात नव्हतं. एकादशीला विठोबाच्या भजनात ते गायला लागले की शेजारचे लोक टाळ जरा जोरात वाजवायचे. पण बँडवर जीव. भीतीपोटी बघायला लागलेला माणूस वीस वर्षं बघत राहिला आणि भीतीची माया कधी झाली ते त्यालाही कळलं नाही. लांबून ढोलाची थाप आली की हातातलं काज अर्धं टाकून उठायचे. "आपली मुले आली." इन्नंबूरला देवळाचा उत्सव असो, तिरुप्पनंदाळला मठात पूजा असो, बैलगाडी मिळाली तर गाडीने, नाही तर पायी. बँड हा तिथे असायचाच आणि मामंजी त्याच्या कडेकडेने उलट्या पावली चालत असायचे.

मी तिथे रुळले ती ह्या बगलांच्या कृपेने. पहिल्या वर्षी मला बार्शीची फार आठवण यायची. मी चुलीपुढे बसून मुकाट रडायची आणि धुराचं नाव सांगायची. मामंजींनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, विचारलं काहीच नाही. तिसऱ्यांदा दारातूनच म्हणाले, "सूनबाई, चूल विझव. बगल पाहून येऊ." सासऱ्यांबरोबर मिरवणूक बघायला जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेले. ते मला दाखवत होते, तो बघ, हात वर गेला, कापड कसं नुसतं उमलतं. बाहीखालचा तो तुकडा उघडायचा आणि हात खाली आला की मिटायचा. मला हसूच आलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या गावात हसले, आणि येताना मामंजींनी मला कॉफी पाजली.

मग त्यांनी माझ्या हातात खडू दिला. पुढे कात्री. आळीतल्या बायका बोलल्या, सून दुकानात बसवली म्हणून. मामंजींनी त्यांना सांगितलं की माझ्या मुलाच्या हाती कात्री दिली तर तो आधी अर्ज लिहील. हे तिथेच उभे होते, तेही हसले. मी उलटटीप शिकले. माझा टाका मामंजी नखाने ओढून बघायचे आणि उसवायचे. पंचवीस वेळा उसवला असेल. मी एकदा चिडून म्हटलं, आता ह्यात काय खोट आहे? म्हणाले, खोट नाही, पण तू रागाने शिवलेस, राग पावसाळ्यात सैल पडतो. असली उत्तरं दिल्यावर माणसाने काय बोलायचं?

शेवटच्या कोटांच्या वेळी ते आजारी होते. छातीत कफ, हात कापायचा, पण ऐकतील तर शपथ. अकरा कोट त्यांनी स्वतः शिवले, बसून, मग उशीला टेकून. बारावा बँडमास्तरांचा, तो राहिला. एका दुपारी त्यांनी कात्री माझ्या बाजूला सरकवली. "हा तुझा." मी म्हटलं, मामंजी, सगळ्यांत वर हात ह्याचाच जातो. म्हणाले, म्हणून तर. मी बेतला, कापला, चार दिवस शिवत होते. ते रोज विचारायचे, "बगल?" आणि मी म्हणायची, होते आहे. पाचव्या दिवशी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बगलेत अंगठा घालून इकडून तिकडे फिरवला, नखाने टाका ओढला. उसवला नाही. मला वाटलं, आता तरी बरा आहे म्हणतील. पण मामंजी ते मामंजीच. "वाजविल्यावांचून काय कळते," म्हणाले आणि डोळे मिटून पडले. बँडवाले कोट घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गेले. कॉफी घेऊन गेले तर हात गार.

आणि मग तो बँड मला सगळीकडे दिसायला लागला. आधीही तो गावभर असणारच, पण आधी त्याच्याकडे बघायला घरात एक माणूस होतं. आता ते काम न सांगता माझ्याकडे आलं. ह्यांचा विसरलेला डबा द्यायला बसने तिरुभुवनमला निघाले तर टपावर ढोल बांधलेला आणि आत तांबडे कोट पेंगताहेत. नदीवर गेले तर पलीकडच्या काठाने तांबडी रांग चाललेली. समोर कॉफी पिताना तेच, पानवाल्याकडे तेच. दर वेळी माझं एकच घोडं अडलेलं: बगल टिकली का? आणि दर वेळी ह्या मेल्यांचे हात खाली. हात खाली सोडलेला कोट काय सांगणार? लग्नाला, उत्सवाला मी जाऊ शकत नव्हते. घरात वर्षभर मंगलकार्य वर्ज्य. आमच्या रस्त्याने वरात आली तर रिवाजाप्रमाणे दोन घरं अलीकडे बँड थांबायचा, वाद्यं खाली करून आमच्या दारावरून मुका जायचा आणि पुढे कोपऱ्यावर परत वाजायला लागायचा. मी खिडकीच्या गजांना धरून बघायची. तांबडे कोट, पाठमोरे, हात खाली. विचारायला जायची हिंमत नव्हती. उसवली असती तर मामंजींचं नाव माझ्या हातून गेलं असतं.

दोन महिने असे काढले. मग एका सकाळी दारात पावलं वाजली. बघते तर बाराच्या बारा रस्त्यावर ओळीने उभे, वाद्यं घेऊन. दुःखाच्या दारात हे वाजवणार की काय? बँडमास्तर पुढे आले. तामिळमध्ये सावकाश, मला कळावं म्हणून, म्हणाले, "अम्मा, दोन महिने हे कोट आम्ही उसने घातल्यासारखे घालतो आहोत. शिंप्याने पाहिले नाहीत."

मी म्हटलं, शिंपी गेले. ते म्हणाले, बारावा कोट कोणी शिवला ते आम्हाला मोठ्या शिंप्यांनी सांगितलं आहे.

मग त्यांनी क्लॅरिनेट उचललं, वरच्या सुराला उचलतात तसं, आणि ओठांना लावून नुसतं धरलं. त्यामागे सगळ्यांनी वाद्यं उचलली. एक सूर नाही. ट्रंपेटवाले गाल फुगवून उभे, ढोलवाल्याचा हात मागे, टिपरू हवेत. रस्ता थांबला. समोरचा कॉफीवाला वरून ओतता ओतता थांबला. मी ओट्यावरून उतरले. मामंजी जात तसंच कडेने, एकेकाची बगल बघत गेले. बँडमास्तरांची पहिली. कापड उमललं होतं, टाका जागच्या जागी. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि ओळीतले पुढचे दोघे-तिघे मला दिसलेच नाहीत, परत मागे येऊन बघावे लागले.

शेवटी मोठा ढोलवाला. त्याच्या उजव्या बगलेत दोन बोटं उसवलं होतं. तो कोट मामंजींचा होता. कापत्या हाताने शिवलेला अकरावा. आमच्या ब्लाउजला नेहमी एक सुई दोरा ओवलेली असायची. मी ती काढली, त्याला हात तसाच धरायला सांगितलं आणि अंगावरच दहा-बारा उलट्या टिपा घातल्या. दात लावून दोरा तोडला. बँडमास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं, मला कळलं, ढोलवाल्यालाही कळलं असणार. मी ओट्यावर परत चढले आणि मान डोलवली. वाद्यं खाली आली. हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. मामंजी असते तर त्यांनीच सगळ्यांना हसून सांगितलं असतं.

वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झाल्यावर पहिल्याच उत्सवाला बँड आमच्या दारात थांबला आणि मनसोक्त वाजला. मग मीही त्यांच्याबरोबर गेले, चारी रस्ते, कडेकडेने. घरी परतले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. कामावरून उशिरा आले होते, त्यांना काही ऐकायला मिळालं नव्हतं.

"काय वाजवलं गं आज?" त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. खरंच सांगते, एक सूर आठवेना. चार रस्ते फिरून आले होते आणि कानात काही नव्हतं, डोळ्यांत मात्र बारा कोट.

"बगल टिकली," मी म्हटलं.

हे उठले, आत गेले आणि माझ्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन आले.