गुलाबी रुमालातली पत्रं

चार वर्षं झाली, कुंदाबाईच्या नवऱ्याचा गहू भाऊबंदांच्या सुपात पडला नव्हता. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू एकाच सुपात टाकतात. त्याचेच रोट होतात, आणि ते भाऊबंदांखेरीज कुणी खायचे नसतात. ज्याचा गहू सुपात नाही, तो कुळातला नाही. नरडाणा गावात कुंदाबाईच्या नवऱ्याचं, हिलालचं, असं झालं होतं.

हिलाल धुळ्याला पोलिटिकल साहेबाकडे वीस वर्षं शिपाई होता. डोंगरातल्या लहानसहान राजांशी सरकारच्या वतीनं बोलणी करायची, पत्रं लिहायची, हे त्या साहेबाचं काम. बेचाळीसच्या चळवळीत हिलालचा चुलतभाऊ भाईदास पोलिसांपासून लपून राहिला आणि शेवटी जंगलात पकडला गेला. बातमी हिलालनंच पुरवली, असं गावानं ठरवून टाकलं. साहेब होता तोवर सगळे तोंड दाबून होते. सत्तेचाळीसला साहेब बोटीवर चढला, आणि त्याच श्रावणात भाईदासनं कुंदाबाईसमोर सूप मागं ओढलं.

"साहेबाकडचे पाव खा आता," तो म्हणाला. "रोट कशाले पाहिजे?"

हिलाल उलटून बोलला नाही. तो कधीच बोलत नसे. कुंदाबाईला त्या गप्प बसण्याची भाईदासपेक्षा जास्त चीड यायची. ती रोज देवीपुढे दिवा लावी आणि एकच मागणं मागे, की याचा गहू सुपात पडू दे.

एक्कावन्नच्या आषाढात धुळ्याच्या कचेरीतून हिलालला बोलावणं आलं. कुंदाबाई सोबत गेली. सुकदेव कारकुनानं टेबलावर एक रुमाल सोडला. कचेरीचे कागद ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात.

"जाताना साहेबानं काय सांगितलं होतं?" सुकदेवनं विचारलं.

"लाल रुमालातले सरकारी कागद कचेरीत द्यायचे. पांढऱ्यातली घरची पत्रं जाळायची," हिलाल म्हणाला.

"मग हा गुलाबी कुठून आला?"

हिलालनं बायकोकडे पाहिलं. कुंदाबाईनं पदर पुढे ओढला. साहेब गेला त्या पावसाळ्यात दोन्ही कापडांना बुरशी आली होती. तिनंच ती एका घमेल्यात भिजवली. लाल रुमालाचा रंग उतरला, पांढऱ्याला चढला, आणि दोन्ही रुमाल गुलाबी झाले. हिलालला इंग्रजी वाचता येत नव्हतं. रंगावरूनच तो दप्तर ओळखायचा. त्यानं अंदाजानं एक जाळलं आणि एक दिलं.

"सरकारी जाळलंस, बाबा," सुकदेव कपाळावर हात मारून म्हणाला. "हे सगळे साहेबानं बहिणीला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे आहेत. जाऊ दे, सरकारी कागदांना वाळवी लागली असं लिहितो."

कुंदाबाई उठली नाही. "भाऊ, बेचाळीस सालचं एखादं असेल तर वाचा."

सुकदेवनं शोधून काढलं आणि अडखळत मराठीत सांगितलं. "'माझा हिलाल म्हाताऱ्या कुत्र्यासारखा दाराशी पडून असतो. त्याच्या गावचा माणूस फरारी आहे, मी चारदा विचारलं, पण तो इतका मठ्ठ आहे की त्याला प्रश्नच कळत नाही. शेवटी बातमी लाकडाच्या ठेकेदारानं दिली.'"

कुंदाबाईनं तेवढं त्याच्याकडून मराठीत कागदावर उतरवून घेतलं.

परतताना मोटारीत हिलाल प्रथमच रागानं बोलला. "तो कागद फाड."

"का म्हणून? यात तुम्ही निर्दोष आहात."

"फितूर म्हणत होते ते. निदान माणूस तरी म्हणत होते."

तिनं कागद फाडला नाही. वीस वर्षं ज्याचे जोडे पुसले त्यानं कुत्रं म्हणावं, हे तिलाही खुपत होतं. पण त्या साहेबापायी आपलं कूळ सोडायचं, हे तिला त्याहून पटत नव्हतं.

कानबाईच्या वेळी ती ओंजळीत गहू घेऊन भाईदासच्या ओट्यावर गेली. हिलाल मागे खाली मान घालून उभा. तिनं कागद पुढे केला. भाईदासनं तो चार जणांत मोठ्यानं वाचला, 'कुत्रं' आणि 'मठ्ठ' दोनदा वाचलं. जात्याशी बसलेल्या बायका हसल्या.

"घ्या," भाईदास म्हणाला. "फितूर नही, बिनडोक शे. चारदा विचारं तरी याले समजनं नही. टाका याचा गहू."

सूप पुढे आलं. कुंदाबाई ओंजळ रिकामी करणार, तोच हिलालनं तिचा हात धरला.

"समजनं व्हतं," तो म्हणाला. "बठ्ठं, सगळं समजनं व्हतं."

"काय?" भाईदासनं विचारलं.

"तू झुलालच्या खळ्यात, कडब्याच्या गंजीमागं व्हता. मी सुट्टीला आलो तवा तुझा खोकला ऐकला. साहेबानं चारदा विचारलं, मी चारदा येड्यासारखं तोंड केलं. म्हणून तर त्यानं मठ्ठ लिहिलं."

जातं थांबलं. खळं आणि गंजी भाईदासनं आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

कुंदाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. त्यानं तिलाही हे कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याचाही तिला रागच आला.

हिलालनं तिच्या ओंजळीतला गहू आपल्या मुठीत घेतला आणि स्वतःच्या हातानं सुपात टाकला. भाईदासनं मान वर केली नाही. त्या दिवशी रोट खाताना तो हिलालच्या पंगतीला बसला, पण पुढे मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. सूप मात्र पुन्हा कधी मागं ओढलं नाही.