मॉन्युमेंट व्हॅलीत आईच्या चपला

ही ट्रिप काढली ती आईला अमेरिका आवडावी म्हणून. बाबा गेल्यावर ती नागपूरच्या घरात एकटी पडली. तिला कायमचं आमच्याकडे फ्रीमाँटला ठेवून घ्यायचं माझ्या फार मनात होतं. माझा नवरा समीर म्हणाला, "ट्रिप होऊ दे, मग बघू." आई म्हणाली, "जावई म्हणतील तसं." म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात!

समीरला सुटी मिळाली नेमकी जुलैत. फिनिक्सपर्यंत विमान, तिथून भाड्याची मिनीव्हॅन आणि पाच-सहा तासांचा रस्ता. वाटेत फ्लॅगस्टाफला पेट्रोल आणि पाणी भरूनच घ्या, पुढे मैलोन् मैल काही नाही. मुक्काम मॉन्युमेंट व्हॅलीजवळ कायेंटाला. तिथे तळलेली भलीमोठी जाड पुरी मिळते, वर राजमा, चीज. आईने पुरी तेवढी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं होतं. समीरचे इमेल संपेपर्यंत दहा वाजले. पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. मी कुरकुरले तर आई म्हणाली, "ऊन काय घेऊन बसलीस! आम्ही नागपूरचे."

हा सगळा नावाहो या मूळ अमेरिकन लोकांचा मुलूख. गेटवर माणशी थोडे डॉलर घेतात, आत कच्च्या रस्त्यावर आपली गाडी नेता येते, मात्र हाडं खिळखिळी होतात. लाल सपाट माळ आणि त्यावर एकेकटे उभे प्रचंड सुळके. सकाळपासून बडबडणारी आई काचेला नाक लावून बघायला लागली.

एका वळणावर सावलीत एक नावाहो आजी मण्यांच्या माळा विकत होत्या. आम्ही दोघी उतरलो. समीर एसी लावून बसला. "तुम्ही या बघून. मी नाही भाजून घेत, यार."

आई म्हणाली, "विचार त्यांना, ह्या खडकाला देव मानतात का?"

मी विचारलं. आजी म्हणाल्या, "ही सगळी जागाच आमच्यासाठी पवित्र आहे." मी आईला तसं सांगितलं आणि माळ निवडायला वळले.

"ममा! आज्जी इज बेअरफूट!" गाडीतून रिया, माझी मुलगी, ओरडली.

बघते तर चपला व्हॅनपाशी नीट जोडून ठेवलेल्या आणि आई तापलेल्या वाळूतून हात जोडून सुळक्याकडे निघालेली. मी चपला घेऊन धावले. "अगं घाल आधी!"

"देवासमोर? वेडी आहेस का?"

शेवटी नावाहो आजीच आल्या. त्यांनी आईला धरून आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या पिण्याचं पाणी तिच्या तळव्यांवर ओतलं. "इथे आम्हीसुद्धा बूट घालूनच येतो," म्हणाल्या. मी ते सांगितलं तेव्हा आई ओशाळून हसली. तळव्यांना टपोरे फोड आले होते.

समीरने काच खाली केली. "आता क्लिनिक शोधा! दिवस गेला सगळा."

मलमपट्टी करून परत निघालो. आई मागे डोळे मिटून बसली होती. समीर म्हणाला, "कायमच्या राहिल्या तर हे असं रोज निस्तरायचं." मी म्हटलं, "हळू बोल." "झोपल्यात त्या," तो म्हणाला. मला इतका संताप आला की फिनिक्स येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर पायांच्या जखमा भरून आल्या. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे."

"पाय दुखतात का अजून?"

"पायांचं काय गं, ते बरे झाले."

मी फोनवर तिकिटाच्या तारखा बघू लागले. तिने पोळी तव्यावर टाकली.

जाणार असाल तर ऑक्टोबरात जा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर जाड मोजे घ्या, ते अनवाणी होणारच. त्या खडकांसारखं मी दुसरं काही पाहिलेलं नाही, पण मला परत जायचं नाही.

समीर मित्रांना सांगतो, सासूबाईंना इथलं ऊन सोसलं नाही. नागपूरच्या बाईला!